बोटीने फराळ, लोणची, मसाले परदेशी पाठवताना लोक परत परत विचारतात ते प्रश्न

पनवेलला आमचं छोटं ऑफिस आहे, न्हावा शेव्याहून जाणाऱ्या खाण्याच्या मालाचं बुकिंग आणि कागदपत्रं आम्ही बघतो. फोन करणाऱ्यांत मोठे कारखानदार कमी, घरगुती फराळवाले, भडंगवाले, कोकमवाले, बचत गटाच्या ताई हेच जास्त. प्रश्न तेच तेच असतात आणि मी दर वेळी अर्धं काहीतरी सांगायचं विसरतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न "भाडं किती" हाच असतो, तो मी मुद्दाम मागे ठेवलाय. भाडं जुळतं हो कसंतरी, माल अडकतो तो दुसऱ्याच गोष्टींवर.

मुलगी न्यू जर्सीला असते, दहा-बारा किलो फराळ बोटीने स्वस्तात जाईल का?

नाही जाणार. बोटीत सुट्या मालाला कमीत कमी एक सीबीएम म्हणजे एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटर एवढ्या जागेचे पैसे लागतातच, वर इथलं कस्टम, तिथलं कस्टम, डॉक्युमेंटचे चार्जेस हे सगळं बारा किलोला पण तेवढंच आणि तीनशे किलोला पण तेवढंच. बारा किलोला कुरियरच. आणि कुरियरवाल्याला डब्यात काय आहे ते खरं सांगा, कपड्यांच्या घडीत चकलीचा डबा घालून "ओल्ड क्लोद्स" लिहिलेली पार्सलं मी पाहिलीत, ती पोचतात तेव्हा पोचतात आणि अडकली की कपड्यांसकट अडकतात.

मग बोट परवडायला लागते कधी?

एक सीबीएम भरत असेल तेव्हा विचार करायचा, दोन-तीन सीबीएमला खरी मजा येते. पण इथे एक गंमत आहे ती आधी समजून घ्या. सुट्या मालाचं भाडं वजन आणि घनफळ यात जे जास्त भरेल त्यावर लागतं, एक सीबीएम म्हणजे एक टन असं धरतात. आता चिवड्याचं बघा. ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरचा बॉक्स घेतला, त्यात पाव किलोची २४ पाकिटं बसतात, म्हणजे सहा किलो माल. एका सीबीएममध्ये कागदावर असे २७ बॉक्स, म्हणजे १६२ किलो चिवडा, आणि पैसे भरले एक टनाच्या जागेचे! त्याच बॉक्सात लोणच्याच्या बाटल्या घातल्या तर अठरा-वीस किलो जातात आणि गूळ तर त्याहून जास्त. म्हणून नुसता चिवडा पाठवणारा माणूस खरं तर हवा पाठवत असतो. पाकीट नायट्रोजन भरून फुगवलं की आणखी हवा.

आमचे जुने ग्राहक करतात ते असं, की पापड, गोडा मसाला, लोणचं, कोकम आगळ अशा जड मालाबरोबर थोडा चिवडा-भडंग घालतात, मग भाडं सगळ्यावर वाटलं जातं. पाकिटाचा आकार ठरवतानाच बॉक्सचं माप काढा, आधी सुंदर पाऊच छापून आणायचे आणि मग त्याला बॉक्स शोधत फिरायचं हा उलटा कारभार मी दर महिन्याला बघतो.

एलसीएल आणि एफसीएल म्हणजे काय, आणि आमचा माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर जाणार का?

एफसीएल म्हणजे अख्खा कंटेनर तुमचा. वीस फुटीत कागदावर ३३ सीबीएम, प्रत्यक्षात २५ ते २८ भरला तरी खूप. एलसीएल म्हणजे शेअर रिक्षा, पाच-दहा जणांचा माल एका कंटेनरमध्ये. आणि रिक्षात शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नसतं, तसंच. आमच्या एका ग्राहकाचा तीन पॅलेट (बॉक्स रचायची पाटासारखी चौकट) फराळ अगरबत्तीच्या मालाशेजारी लोड झाला. पाच आठवडे बंद डब्यात. बॉक्स कोरडे, पाकिटं फुटलेली नाहीत, वजन बरोबर, आणि तिकडच्या दुकानदाराने पाकीट फोडून शंकरपाळं तोंडात टाकलं तर मोगरा! त्याने फोनवर सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोष कुणाचा म्हणायचा, बुकिंग करताना "फूड आयटम, वासाच्या आणि केमिकलच्या मालाबरोबर नको" हे आम्हीच लेखी टाकलं नव्हतं. आता प्रत्येक ईमेलच्या पहिल्या ओळीत टाकतो. पाऊचचं लॅमिनेट पातळ असेल तर वास आरपार जातो हे पण तेव्हाच कळलं.

अख्खा कंटेनर घेत असाल तर "फूड ग्रेड" मागा आणि आला की नाकाने तपासा. आत उभं राहून दारं लावून घ्यायची दोन मिनिटं, वर कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार, कंटेनर परत. या तपासणीला काही खर्च नाही आणि तरी निम्मे लोक करत नाहीत.

किती दिवस लागतात?

दुबईच्या जेबेल अली बंदराला बोट चार ते सहा दिवसांत जाते. ऑस्ट्रेलियाला मधे सिंगापूर, कोलंबो किंवा पोर्ट क्लँगला माल बदलून साधारण चार आठवडे. इंग्लंडला पूर्वी सुएझमधून तीन-साडेतीन आठवड्यांत व्हायचं, पण नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जायला सुरुवात केली, त्यात दहा ते चौदा दिवस वाढतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला त्या वळशाने पाच-सहा आठवडे धरा. बोट कुठल्या वाटेने जाणार आहे ते बुकिंगच्या दिवशी विचाराच, मागच्या वर्षीचा अनुभव धरून चालू नका.

आणि हे फक्त पाण्यावरचे दिवस. एलसीएलमध्ये इथे सीएफएसला, म्हणजे सुटा माल कंटेनरमध्ये भरतात-काढतात त्या बंदराजवळच्या गोदामाला, माल आठवडाभर आधी लागतो, तिकडे कंटेनर उघडून ज्याचा त्याचा माल वेगळा करायला आणखी आठवडा-दहा दिवस.

दिवाळीला माल पोचवायचा असेल तर कधी निघायला हवा?

हा हिशेब उलटा मांडायचा. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. न्यू जर्सीचा दुकानदार म्हणतो मला १५ ऑक्टोबरपर्यंत शेल्फवर पाहिजे, कारण लोक दोन-तीन आठवडे आधीच खरेदी करतात. त्यातून तिकडचे दहा दिवस काढा, पाण्यावरचे चाळीस-बेचाळीस काढा, कंटेनर पुढच्या बोटीवर ढकलला गेला तर म्हणून एक आठवडा ठेवा, इथला सीएफएसचा आठवडा काढा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माल पॅक होऊन तयार पाहिजे. म्हणजे तळण कधी? आषाढात. आखाड तळायची पद्धत आपल्याकडे आहेच, आता त्यात दिवाळी पण तळायची.

हसण्यावारी नेऊ नका पण, कारण ही अडचण मोठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढी ओल असते की चकली कढईतून काढून पॅकिंगच्या टेबलावर येईपर्यंत मऊ पडायला लागते, आणि ती ओल पाकिटात बंद झाली की पुढचे दोन-तीन महिने तिथेच. ज्यांचं काम नीट चालतं त्यांनी पॅकिंगची खोली वेगळी करून एसी आणि डीह्युमिडिफायर लावलाय, आणि तळल्यावर पूर्ण गार होऊ देऊन लगेच सील करतात. गरम असताना सील केलं की आतून वाफ धरते, रात्रभर उघडं ठेवलं की सादळतं, मधली वेळ साधावी लागते.

एवढ्या दिवसांत चिवडा, चकली टिकते का?

सादळण्यापेक्षा खवटपणाची भीती मोठी. तळलेल्या पदार्थातलं तेल हवा, उजेड आणि उष्णता या तिघांमुळे खवट होतं, आणि उन्हात डेकवर वरच्या थरात बसलेल्या कंटेनरमध्ये आतलं तापमान ५० ते ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. रीफर म्हणजे गार कंटेनर घ्यायची गरज नसते, फराळाला तो परवडतही नाही. पण मग तेल ताजं पाहिजे, चार घाण्यांनंतर तेच तेल चालवायचं नाही, पाऊच मेटलाइज्ड (चंदेरी थराच्या) लॅमिनेटचा पाहिजे आणि नायट्रोजन फ्लशिंग म्हणजे आतली हवा काढून नायट्रोजन भरणं पाहिजे. किराणा दुकानात चालतो तो साधा पारदर्शक पाऊच इथे चालत नाही, कितीही छान दिसत असला तरी. खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे आधी खवट होतात, चिवड्यात तेच पहिले खाऊन बघा.

टिकाऊपणाची तारीख मनाने टाकू नका, लॅबकडून शेल्फ लाइफ टेस्ट करून घ्या. तोपर्यंत घरचा उपाय म्हणजे सील केलेली दहा पाकिटं पत्र्याच्या पोटमाळ्यावर एप्रिल-मे मध्ये ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी एक फोडायचं. रिपोर्टची सर याला नाही, पण तुमचा पदार्थ कुठल्या आठवड्यात मान टाकतो ते कळतं. चार महिन्यांची तारीख असलेला माल अमेरिकेला पाठवूच नका, पोचेपर्यंत दोन महिने गेलेले असतात आणि उरलेल्या दोन महिन्यांचा माल दुकानदार घेत नाही. सहा महिने तरी पाहिजेत, नऊ असतील तर उत्तम.

कंटेनर बंद असतो तर मग बॉक्स ओले कसे होतात?

आतलाच पाऊस पडतो. दिवसा कंटेनर तापतो, पुठ्ठ्यात, लाकडी पॅलेटमध्ये मुरलेली ओल वाफ होऊन हवेत येते, रात्री छपराचा पत्रा गार पडतो आणि त्याला थेंब धरून ते खाली मालावर टपकतात. पावसाळ्यात उरणच्या यार्डात ओल्या पॅलेटवर माल रचला तर तुम्ही पाऊस बरोबर घेऊनच निघालात म्हणायचं.

उपाय साधे आहेत. पॅलेटला चारी बाजूंनी स्ट्रेच फिल्म आणि वरून टोपीसारखी प्लास्टिक शीट, म्हणजे टपकलेलं पाणी बाजूने ओघळतं. अख्खा कंटेनर असेल तर भिंतीला कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या पट्ट्या लटकवायच्या. बॉक्स पाच प्लायचा म्हणजे पाच थरांचा, लोणच्याला सात प्लायचा, कारण पुठ्ठा ओल धरला की त्याची ताकद निम्मी राहत नाही आणि सगळ्यात खालचा थर बसतो. दुकानातून दुसऱ्या मालाचे रिकामे बॉक्स आणून वापरणारे पण भेटलेत, वर बिस्किटाच्या कंपनीचं नाव आणि आत कडबोळी. नका करू. बॉक्स एकावर एक बरोबर कडेला कड लावून रचा, विटांसारखे सांधे चुकवून रचले तर दिसायला भक्कम वाटतात पण बॉक्सची ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते आणि ती वाया जाते.

पॅलेट लाकडीच लागतो का?

लाकडी घेतलात तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का पाहिजे, गव्हाच्या कणसाचं चित्र आणि एचटी किंवा एमबी अशी अक्षरं असतात. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड गॅसची धुरी दिलेलं. शिक्का नसेल तर माल चांगला असूनही पॅलेटपायी अडकतो. प्लास्टिकच्या पॅलेटला किंवा प्लायवूडला हे लागू नाही.

कुठली कुठली लायसन्स लागतात?

आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर पहिला, तो डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापाराच्या ऑफिसच्या साइटवर ऑनलाइन निघतं, सरकारी फी ५०० रुपये आहे आणि नंबर म्हणजे तुमचाच पॅन. कुणी पाच हजार मागत असेल तर साडेचार हजार त्याच्या चहाचे. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तिथे जाऊन माहिती अपडेट करायची, काही बदललं नसलं तरी, नाहीतर नंबर बंद पडतो आणि ते कळतं कधी तर माल गेटवर उभा असताना. मग बँकेकडून एडी कोड (परदेशातून पैसे घेणाऱ्या तुमच्या बँकेच्या शाखेचा नंबर) घेऊन तो कस्टमच्या आइसगेट साइटवर नोंदवायचा. एफएसएसएआयचं निर्यातीसाठीचं सेंट्रल लायसन्स लागतं, घरगुती उद्योगाचं बेसिक रजिस्ट्रेशन चालत नाही. पापड, लोणची, गूळ वगैरेला अपेडाची (शेतमाल आणि खाद्यपदार्थांच्या निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी आणि मसाल्यांना स्पायसेस बोर्डाची, ही दोन वेगळी ऑफिसं आहेत हे लक्षात ठेवा, गोडा मसाला अपेडात शोधत बसू नका. जीएसटीमध्ये दर आर्थिक वर्षाला एलयूटी म्हणजे हमीपत्र भरलं की टॅक्स न भरता निर्यात करता येते.

शिपिंग बिल वगैरे कस्टमचं काम सीएचए म्हणजे कस्टमचा एजंट करतो. तुम्ही इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बरोबर दिली तर त्याचं काम अर्धं होतं. "असॉर्टेड फूड आयटम्स" असं लिहून पाठवू नका, प्रत्येक पदार्थाचं नाव, वजन, बॉक्स, एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा ठरलेला नंबर) वेगळा. पापड १९०५ खाली जातो, करी मसाल्यासारखे मिश्र मसाले ०९१० खाली, नमकीन बहुतेक २१०६ खाली, आणि गूळ १७०१ मध्ये. तिकडच्या आयातदाराला एकदा विचारून घ्या, कारण ड्युटी तो भरणार आहे.

लेबलवर काय काय पाहिजे? इंडियन पाकीट तसंच चालेल का?

नाही चालत, आणि सगळ्यात जास्त माल इथेच मार खातो. देशाप्रमाणे लेबल वेगळं. अमेरिकेला त्यांच्या ठरलेल्या चौकटीतलं न्यूट्रिशन फॅक्ट्स लागतं, कॅनडाला इंग्रजीबरोबर फ्रेंच, गल्फला अरबी. गल्फमध्ये अरबी मजकुराचं स्टिकर चालतं पण उत्पादनाची आणि संपण्याची तारीख पाकिटावर छापलेलीच पाहिजे, तारखेचं स्टिकर दिसलं की संशय. इंग्लंडला तिथल्या आयातदाराचं नाव-पत्ता लागतो.

आता आपल्या पदार्थांतल्या खास भानगडी सांगतो.

अनारसे. वर खसखस. खसखस यूएईत, सौदीत आणि सिंगापूरला बंदी घातलेली आहे, ती अफूच्याच झाडाची ना. आपल्याला ती शिऱ्यावर भुरभुरायची गोष्ट वाटते, तिकडे तो अमली पदार्थांचा कायदा आहे. घरगुती मसाल्यात, गोडाच्या सारणात सुद्धा असते, तर रेसिपी ज्या काकूंची आहे त्यांना नीट विचारा, "थोडीशीच घालते" हे उत्तर आलं तर तो माल दुबईला नाही जाणार.

हिंग. आपण वापरतो तो बांधानी हिंग, त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे पोह्याच्या चिवड्यावर तुम्ही हौसेने "ग्लूटेन फ्री" छापलं आणि फोडणीत हा हिंग घातला तर ते लेबल खोटं ठरलं. हिंगाच्या डबीवरचं वाचा आणि गहू लेबलवर लिहा.

तीळ. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मोठा अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी देणारा पदार्थ) धरला जातो, वेगळा जाहीर करावा लागतो. चकलीत तीळ, भाकरवडीत तीळ, चिक्कीत तीळ आणि शेंगदाणे दोन्ही. एकाच टेबलावर सगळं पॅक होत असेल तर तेही सांगितलेलं बरं.

रंग. टुटीफ्रुटी, लाल बुंदी, यात आपल्याकडे चालणारे कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे रंग अमेरिकेत चालत नाहीत. आणि मोहरीच्या तेलातलं लोणचं, ते तेल तिथे खाण्यासाठी मान्य नाही, बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" असं लिहून विकलं जातं. आपण शेंगदाण्याचं नाहीतर तिळाचं वापरतो म्हणून वाचतो.

अमेरिकेचं एफडीए सर्टिफिकेट कुठे मिळतं?

असं सर्टिफिकेट नसतंच! एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याकडे, फक्त तुमच्या कारखान्याची नोंदणी होते, ती फुकट आहे, आणि एफडीए स्वतः कसलंही प्रमाणपत्र देत नाही. सोनेरी शिक्का मारलेला जो कागद फ्रेम करून भिंतीवर लावलेला दिसतो तो एजंटने स्वतः छापलेला असतो. नोंदणीसाठी अमेरिकेत राहणारा एक यूएस एजंट लागतो, आणि दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरमध्ये रिन्यू करावी लागते, म्हणजे २०२६ ला आहेच. विसरलात तर नोंदणी गेली.

त्याशिवाय प्रत्येक खेपेला प्रायर नोटीस म्हणजे माल येतोय याची एफडीएला आगाऊ सूचना, बोटीने माल पोचायच्या किमान आठ तास आधी. आणि आयएसएफ म्हणून तिकडच्या कस्टमसाठीचं एक फाइलिंग, ते इथे माल बोटीवर चढायच्या २४ तास आधी व्हायला हवं, ते आयातदार करतो पण माहिती तुमच्याकडून जाते, शनिवारी रात्री फोन येतो. सगळ्यात मोठी गोष्ट एफएसव्हीपी, म्हणजे तिकडच्या आयातदाराने तुमच्या कारखान्याची अन्नसुरक्षा तपासून कागद ठेवायचे. "माझा भाचा तिथे आयटीत आहे, त्याच्या नावाने मागवतो" म्हणणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, की भाच्याला हे झेपणार आहे का, कारण उद्या तपासणीस त्याच्याकडे येणार.

लोणच्याला वेगळं काही?

हो, अमेरिकेसाठी बरंच. कैरीचं किंवा लिंबाचं लोणचं मुळात आंबट. पण मिरची, लसूण, आलं, गाजर-फ्लॉवर असल्या कमी आंबट गोष्टींना लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ किंवा त्याखाली आणला की तो पदार्थ "अ‍ॅसिडिफाइड फूड" मध्ये जाऊ शकतो, मग कारखान्याचा एफसीई नंबर (एफडीएकडची वेगळी नोंदणी) आणि प्रत्येक प्रॉडक्टच्या प्रोसेसचं वेगळं फाइलिंग. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या भीतीने केलेला नियम आहे, उगाच नाही. लॅबमधून पीएच आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (पदार्थातली मोकळी ओल) तपासून घ्या आणि तुमचं लोणचं कुठल्या गटात बसतं ते जाणकाराकडून लेखी घ्या.

बाकी तेल गळणे हा लोणच्याचा जन्मजात रोग. काचेपेक्षा पीईटी प्लास्टिकची बाटली बरी, झाकणाखाली इंडक्शन सील म्हणजे तोंडाला उष्णतेने चिकटवलेली पातळ पत्री, आणि भरलेली बाटली आडवी करून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवायची. कागदावर तेलाचा डाग पडला की त्या लॉटचं सील परत करायचं. एक बाटली गळली की खालचे चार बॉक्स गेले, आणि त्या चार बॉक्समधल्या पापडाला कायमचा मेतकूट-लोणच्याचा वास.

पेढे, बर्फी, तुपातले लाडू पाठवता येतील?

दुधाचं काहीही असलं की आधी विचारा, मग बनवा. ऑस्ट्रेलिया आणि युरोप जनावरांच्या रोगांमुळे, विशेषतः लाळ्या खुरकतामुळे, आपल्याकडच्या दुग्धजन्य पदार्थांबाबत फार कडक आहेत. बेसन लाडू निरागस वाटतो, पण तूप आहे त्यात. तेलातले पदार्थ पाठवा, सुटसुटीत.

मसाल्यांचं काय ऐकतो, एथिलीन ऑक्साइडचं?

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर याच कारणाने कारवाई केली. जंतू मारायला हा गॅस वापरतात, युरोपात खाद्यपदार्थांसाठी तो चालत नाही. तुम्ही स्वतः वापरत नसाल, पण मिरची, तीळ, धने ज्या व्यापाऱ्याकडून घेता त्याने वापरलाय का ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून स्टीम स्टरलायझेशन केलेला, म्हणजे वाफेने जंतू मारलेला माल घ्या आणि लॉटचा लॅब रिपोर्ट ठेवा. मिरचीत कीटकनाशकं आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) पण बघतात. मसालेवाल्यांनो, खर्च वाढतो, मान्य, पण तिकडे नष्ट केलेल्या मालाचा खर्च पण तुमच्याच डोक्यावर येतो.

बरं, आता तरी सांगा भाडं किती?

आकडा लिहीत नाही, दर पंधरवड्याला बदलतो. पण कोट कसा वाचायचा ते सांगतो. एलसीएलमध्ये ओशन फ्रेट मुद्दाम कमी दाखवतात, काही मार्गांवर तर शून्य, आणि सगळी वसुली तिकडे उतरल्यावर करतात, टर्मिनलचे, सीएफएसचे, डीओचे (माल सोडायच्या चिठ्ठीचे). तुम्ही खुश, आणि तुमचा ग्राहक पहिलं बिल बघून परत फोन घेत नाही. म्हणून "डेस्टिनेशन चार्जेस लेखी द्या" म्हणा, नाही म्हणाला तर दुसरा फॉरवर्डर म्हणजे बोटीवर जागा बुक करून देणारा बघा.

एफओबी म्हणजे न्हावा शेव्याला बोटीवर चढेपर्यंत तुमची जबाबदारी, पुढे खरेदीदाराची. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही भरता. डीडीपी म्हणजे त्याच्या दारापर्यंत ड्युटीसकट सगळं तुमच्यावर, नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. २०२५ मध्ये अमेरिकेचं टॅरिफ ज्या पद्धतीने बदलत गेलं ते डीडीपीवाल्यांना विचारा, रात्रीत नफा गेला. यूएईला मात्र मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाला डिसेंबर २०२२ पासून करार लागू आहेत, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन बरोबर काढलं तर ड्युटीत फायदा होतो, ते काढायला विसरू नका.

विमा घ्यायलाच पाहिजे का? माल बंदच तर असतो.

घ्या. आणि "विमा आहे" एवढ्यावर गप्प बसू नका, कुठल्या क्लॉजचा आहे ते बघा. सीआयएफमध्ये किमान जो लागतो तो आयसीसी सी (मालाच्या विम्याच्या ए, बी, सी अशा ठरलेल्या अटींतला सगळ्यात कमी), त्यात आग, जहाज बुडणं असल्या मोठ्या गोष्टी येतात, चोरी आणि पावसाने भिजणं येत नाही. आयसीसी ए घ्या, फरक फार नसतो, इन्व्हॉइसच्या ११० टक्क्यांचा. तरीही उशीर झाला म्हणून तारीख गेली, आपोआप खवट झालं, पॅकिंग कच्चं होतं, यातलं काहीही ए मध्ये सुद्धा मिळत नाही, ते आपलं आपल्यालाच सांभाळायचं.

आणि जनरल अ‍ॅव्हरेज नावाचा प्रकार ऐकला नसेल तर ऐका. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझमध्ये सहा दिवस अडकलं, नंतर मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवायचा खर्च त्यावर माल असलेल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा. ज्याचा माल धडधाकट होता त्याला पण हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. विमा असेल तर ते विमा कंपनी बघते.

पैसे बुडण्याची भीती वाटते, काय करू?

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीवर माल चढल्याचा जहाज कंपनीचा कागद, हातातून सोडू नका, तोच मालाचा मालकी हक्क. थोडे पैसे आधी घ्या, उरलेले खात्यात जमा झाल्यावर ओरिजिनल पाठवा किंवा टेलेक्स रिलीज (ओरिजिनल कागदाशिवाय माल सोडायचा निरोप) द्या. "पाठवलेत पैसे, स्विफ्टची (बँकेने परदेशी पैसे पाठवल्याच्या संदेशाची) कॉपी बघा" यावर रिलीज देऊ नका, ओळखीच्याला सुद्धा नाही, स्विफ्टची कॉपी कुणीही बनवतो. उलट बाजूही सांगतो, भांडणात कागद अडकवून ठेवलात तर तिकडे डेमरेज आणि डिटेन्शन (कंटेनर बंदरात पडून राहिल्याचा आणि वेळेत परत न केल्याचा दंड) रोज चढत राहतं आणि तीन आठवड्यांनी चिवड्याच्या किमतीपेक्षा ते बिल मोठं झालेलं असतं. मग दोघांनाही तो माल नको असतो.

कस्टमने बॉक्स उघडले तर?

उघडू देत. पॅकिंग लिस्टप्रमाणे आत असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. फक्त पॅलेटच्या बाहेरच्या बाजूला प्रत्येक पदार्थाचा एक तरी बॉक्स दिसेल असं रचा, म्हणजे मधला बॉक्स काढायला अख्खं पॅलेट मोडावं लागणार नाही. आणि दोन किलो बाकरवडी "स्टाफसाठी" म्हणून कुठल्यातरी बॉक्समध्ये जादा घालू नका, लिस्टमध्ये नाही म्हणजे नाही.

पहिल्यांदा किती पाठवू?

आधी कुरियरने सॅम्पल, लेबलसकट, खऱ्या पाऊचमध्ये. आयातदाराने लेबल पास केलं की एक सीबीएम, जास्तीत जास्त दोन पॅलेट, आणि पदार्थ चार-पाचच, बावीस नाही. त्या खेपेतले प्रत्येक लॉटचे दोन बॉक्स स्वतःजवळ ठेवा, पोटमाळ्यावर. तिकडून "खवट आलंय" असा फोन आला तर त्याच दिवशी आपला बॉक्स फोडून चव बघता येते, आणि मग पैसे परत द्यायचे की भांडायचं ते ठरवता येतं.